हायवेवर आरव्ही भरकटते: आधी मागचा ट्रॅक बार की स्टिअरिंग स्टॅबिलायझर?

फोर्ड एफ-५३ चासीवरची (म्हणजे खालच्या सांगाड्यावरची) क्लास ए आरव्ही, म्हणजे बसच्या आकाराचं चालतं घर, राहायला कितीही ऐसपैस असली, तरी ६५ मैलांच्या वेगाला ती सरळ चालत नाही ही तक्रार बहुतेक मालकांची असते. स्टिअरिंग सतत इकडून तिकडे करावं लागतं आणि दोन तासांत खांदे भरून येतात. पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग), पुढचा ॲक्सलही एकसंध, आणि वर भिंतीसारखी उभी बॉडी. वारा लागणारच.

यावर उपाय म्हणून बाजारात दोन वस्तू सगळ्यात जास्त सुचवल्या जातात. एक, मागच्या ॲक्सलचा ट्रॅक बार, म्हणजे ॲक्सलवर बॉडी बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा. दुसरा, पुढची चाकं सरळ धरायला मदत करणारा स्प्रिंगवाला स्टिअरिंग स्टॅबिलायझर, म्हणजे सेफ-टी-प्लस किंवा त्याच जातीचा. दोन्ही काहीशे डॉलरचे, दोन्ही एका दिवसात लागणारे. एकाच वेळी दोन्ही घ्यायचे नसतील तर आधी कुठला, एवढाच प्रश्न आहे.

त्याआधी फुकटातली आणि स्वस्तातली कामं उरकून घ्या, नाहीतर कुठलाही पार्ट लावून फरक कळणार नाही. गाडी पाण्याच्या टाकीसकट, प्रवासाच्या सामानासकट ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) तोला. टायरच्या बाजूवर छापलेला हवेचा आकडा हा त्या टायरवर जास्तीत जास्त वजन असतानाचा असतो. तेवढी हवा पुढच्या टायरांत ठासून भरली की टायर कडक होतो, रस्त्याला कमी टेकतो आणि गाडी प्रत्येक खाचेमागे धावते. टायर कंपनीच्या तक्त्यात आपलं वजन शोधा, दोन्ही बाजूंचं वजन वेगळं मिळालं असेल तर जड बाजूचा आकडा धरा, वर ५ पीएसआय ठेवा, आणि एका ॲक्सलच्या सगळ्या टायरांत सारखीच हवा भरा. मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना.

वजन कुठे ठेवलंय हेही बघा. व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर) २२८ इंच म्हणजे १९ फूट असेल आणि मागच्या ॲक्सलच्या १० फूट मागे ४०० पाउंड सामान असेल, तर पुढच्या ॲक्सलवरून जवळपास २१० पाउंड वजन उचललं जातं. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग हवेत असल्यासारखं वाटतं. अवजारांची पेटी पुढच्या कप्प्यात हलवणं हा त्यावरचा सगळ्यात स्वस्त इलाज.

मग अलाइनमेंट, तेही मोठ्या ट्रकचं काम करणाऱ्या दुकानात. गाडी भरलेली न्या. टो-इन (पुढची चाकं समोरून आत झुकणं) किंचित, आणि कॅस्टर (स्टिअरिंगच्या कण्याचा मागे कल, ज्यानं चाकं आपोआप सरळ होतात) फोर्डच्या मर्यादेत जितका जास्त बसेल तितका, साधारण ४ ते ५ अंश, असं स्पष्ट सांगा. पाट्याखाली पाचरीसारखी शिम (धातूची पट्टी) घालून कॅस्टर वाढवतात. त्यासाठी पाटे ॲक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट सोडावे लागतात. जुने परत न वापरता नवेच टाकून घ्या, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तसा पकडत नाही.

मालक मंडळींत ‘चीप हँडलिंग फिक्स’ म्हणून ओळखलं जाणारं कामही याच यादीत. ज्या स्वे बारच्या (गाडीचं कलणं रोखणाऱ्या दांड्याच्या) टोकाला दोन भोकं आहेत, तिथे बारला जोडणाऱ्या लिंकचा बोल्ट बाहेरच्या भोकातून काढून आतल्या भोकात घालायचा. बारचा टोकाकडचा हात जरासा आखूड होतो, पण कडकपणा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो: लांबी १० टक्क्यांनी कमी झाली की बार जवळपास २३ टक्के कडक. नवीन जागी लिंक तिरकी होऊन ब्रेकच्या होजला घासत नाही ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून तपासा. मोठा स्वे बार विकत घेण्याआधी हे करून बघाच. बार फार कडक झाला तर पेट्रोल पंपाच्या तिरक्या उतारावर गाडी एका झटक्यात डोलते आणि कपाटं उघडतात.

एवढं झाल्यावरही एक त्रास उरतो, आणि माझ्यापुरता निर्णय त्यानंच केला. मागून येणारा १८ चाकी ट्रक शेजारी पोचला की त्याच्या पुढची हवा आधी आपली शेपटी बाहेर ढकलते, आणि गाडीचं तोंड ट्रककडे वळतं. तुम्ही स्टिअरिंग ट्रकपासून दूर वळवता. तेवढ्यात ट्रक पुढे सरकतो, हवेचा दाब सुटतो, शेपटी जागेवर येते, आणि आता गाडी ट्रकपासून लांब जायला लागते. म्हणजे एका ट्रकमागे दोनदा दुरुस्ती, दुसरी पहिलीच्या उलट, आणि ती नेहमी अर्धा क्षण उशिरा. वायोमिंगमध्ये लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात आय-८० वर वारा सुटलेला असताना हे मैलोनमैल चालतं. शेजारी बसलेलं माणूसही अवघडून जातं.

कारण साधं आहे. मागच्या ॲक्सलला मुळातला ट्रॅक बार नसेल, तर तो आडवा धरून ठेवायला पाट्यांशिवाय काहीच नाही. पाट्याचे रबरी बुश आणि शॅकल (पाट्याच्या टोकाची हलती जोडणी) थोडे लवचीक असतात, त्यामुळे बॉडी ॲक्सलवर बाजूला सरकते. बॉडी सरकली की ड्रायव्हरला वाटतं पुढची चाकं भरकटली. मोठा स्वे बार गाडीचं कलणं थांबवतो. हे बाजूला सरकणं त्याला थांबवता येत नाही.

तुमच्या गाडीत हे कितपत आहे ते घरीच बघता येतं. सपाट जागेवर, लेव्हलिंग जॅक वर घेऊन, चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून गाडी उभी करा. दोघांनी मागच्या कोपऱ्याला हात लावून तालात आडवे धक्के द्यायचे. तिसऱ्यानं बाजूला उभं राहून मागच्या जोडचाकातल्या आतल्या टायरच्या भिंतीत आणि फ्रेममध्ये असलेली फट बघायची. ती फट डोळ्यांना दिसेल इतकी कमी-जास्त होत असेल, तर ट्रॅक बारला काम आहे.

ट्रॅक बार म्हणजे एक टोक फ्रेमला, दुसरं ॲक्सलला, आडवा लोखंडी दांडा. वरखाली हालचाल मोकळी, आडवी बंद. बसवताना तो गाडी नेहमीच्या उंचीवर असताना जितका आडवा समांतर राहील तितका चांगला. ३० इंचांचा दांडा सपाट असेल आणि ॲक्सल ३ इंच वर आला, तर बाजूची सरक फक्त ०.१५ इंच होते. तोच दांडा आधीच ३ इंच तिरका बसवला असेल आणि हालचाल तिरकस वाढवणाऱ्या दिशेला झाली, तर तीच सरक ०.४६ इंचाच्या घरात जाते, म्हणजे तिप्पट. मग प्रत्येक खड्ड्यात गाडीचा मागचा भाग बाजूला झटका देतो आणि लोक बारला दोष देतात.

दुसरी नेहमीची चूक बोल्ट आवळण्यात होते. गाडी जॅकवर, मागची चाकं लोंबकळत असताना बोल्ट आवळले की बुश त्याच स्थितीत पकडले जातात. चाकं जमिनीवर आली की ते कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. शेवटचा टॉर्क (बोल्ट आवळण्याचा जोर) नेहमी भरलेल्या गाडीवर, चाकं जमिनीला असताना, किटच्या कागदात दिलेल्या आकड्याला. पहिल्या ५०० मैलांनंतर परत तपासा. एक्झॉस्टचा पाइप, डिफरेन्शियलचा घुमट आणि जॅक यांना दांडा पूर्ण दबलेल्या स्थितीत लागत नाही ना, हे खरेदीआधीच मोजून घेतलेलं बरं. लांब ओव्हरहँग (मागच्या ॲक्सलच्या मागे लांब शेपटी) असलेल्या गाड्यांत बॉडी बनवणाऱ्यानं पाइप कुठून नेलाय याचा नेम नसतो.

आता स्टॅबिलायझर. टाय रॉड (पुढची दोन्ही चाकं एकत्र वळवणारा दांडा) आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसणारा शॉकॲब्सॉर्बर, त्याभोवती कॉइल स्प्रिंग. गाडीबरोबर येणारा स्टॅबिलायझर नुसता धक्का शोषतो. हा स्प्रिंगच्या जोरावर चाकांना मध्यभागी परत आणतो. पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातातून हिसकावलं जाऊ नये म्हणून याला तोड नाही, आणि सोसाट्याच्या आडव्या वाऱ्यात हाताला आराम मिळतो. पुढचे टायर जुने झालेत किंवा मनगट-खांद्याचं दुखणं आहे, अशांनी हा आधी घेतला तरी माझा आक्षेप नाही. (जुने टायर मात्र बदलाच.)

याची अडचण ‘मध्य’ बसवण्यात आहे. सपाट रस्त्यावर गाडी सरळ चालवून, स्टिअरिंग न हलवता थांबून, मग टाय रॉडवरचा यू-बोल्ट आवळायचा असतो. पण रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेकडे उतरते असतात. उजव्या लेनच्या उतारावर मध्य बसवला, तर सपाट रस्त्यावर गाडी डावीकडे ओढत राहते. यू-बोल्ट किंचित घसरला तरी तेच. शिवाय झिजलेले टाय रॉड एंड आणि बिघडलेला टो हा स्प्रिंग झाकून ठेवतो. टायर एका बाजूनं घासला की मगच कळतं. म्हणून लावायचाच असेल तर अलाइनमेंटनंतर लावा.

ट्रक शेजारून जातानाच्या त्या दोन दुरुस्त्यांवर मात्र स्टॅबिलायझरचा परिणाम मला फारसा जाणवला नाही. पुढची चाकं तो घट्ट धरतो, पण शेपटी सरकतेच. मागचा ट्रॅक बार लावल्यावर ट्रकच्या हवेचा पहिला धक्का लागतो, बॉडी किंचित कलते आणि तिथेच थांबते. उलटी दुरुस्ती बहुतेक वेळा लागतच नाही. मोजमाप नाही माझ्याकडे, हाताला कळतं तेवढंच. प्रत्येकाच्या गाडीचा ओव्हरहँग आणि भार वेगळा, त्यामुळे तुमच्याकडे फरक कमी-जास्त पडेल. व्हीलबेस भागिले एकूण लांबी ५५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असेल, जसं २२८ इंच भागिले ४०८ इंच म्हणजे सुमारे ५६ टक्के, तर ट्रॅक बारचा उपयोग जास्त जाणवण्याची शक्यता आहे. व्हीलबेस लांब, शेपटी आखूड आणि वरच्या चाचणीत फट हललीच नाही, तर ते पैसे स्टॅबिलायझरला किंवा चांगल्या शॉकॲब्सॉर्बरना द्या.

सुमो स्प्रिंगबद्दल विचारणारे बरेच असतात. बंप स्टॉपच्या (ॲक्सल फ्रेमवर आदळू नये म्हणून असलेल्या रबराच्या) जागी बसणारे हे पॉलियुरेथेनचे ठोकळे गाडीचं पुढे-मागे डुलणं कमी करतात, आणि ते काम छान करतात. भरकटण्यावर त्यांचा भरवसा धरू नका.

दोन्हींपैकी काहीही लावा, एका वेळी एकच लावा आणि त्याच ओळखीच्या रस्त्यावर, तेवढ्याच भारानं चालवून बघा. दोन्ही एकाच दिवशी लावले आणि गाडी डावीकडे ओढायला लागली, तर दोष स्टॅबिलायझरच्या मध्यात आहे की ट्रॅक बारनं मागचा ॲक्सल बाजूला खेचलाय, हे शोधायला दोन्ही सोडावे लागतात.