दंडाचं, मनगटाचं की काट्याचं? घरी बीपी मोजायला कोणतं मशीन घ्यावं

इंदूरच्या दवा बाजारात बीपीचं मशीन मागितलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "बजट कितना है?" आपल्याकडची मराठी घरंही मग किमतीवरूनच बोलायला लागतात. खरं तर दुकानात जाण्याआधी शिंप्याच्या टेपनं आईबाबांच्या दंडाचा घेर मोजून घ्यायला हवा. त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे, आधी निकाल सांगून टाकते: घरच्या वापराला दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल मशीनच घ्यावं. बाकीचे पर्याय कुठे कमी पडतात आणि कुठे कामाला येतात, ते आता बघू.

मनगटाचं मशीन मोहात पाडतं. पर्समध्ये मावतं, ब्लाउजची बाही वर सरकवायला लागत नाही, पट्टा एका हातानं बांधता येतो. गोम आहे ती हाताच्या उंचीत. मनगट हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असेल तर आकडा सात-आठने जास्त येतो, वर असेल तर तितकाच कमी. मांडीवर हात ठेवून मोजणाऱ्याचं बीपी उगाचच वाढलेलं दिसतं, आणि दर वेळी मनगट बरोबर छातीच्या पातळीवर धरायची शिस्त सत्तरीतल्या माणसाकडून रोज पाळली जाईल असं मला वाटत नाही. दंड इतका जाड असेल की मोठा पट्टाही बसत नाही, तर मात्र हेच मशीन उपयोगी. तेही डॉक्टरांना विचारून.

काट्याचं मशीन, म्हणजे फुगा दाबायचा आणि स्टेथोस्कोपनं ऐकायचं. ही पद्धत रशियन सर्जन निकोलाय कोरोतकॉफ यांनी १९०५ मध्ये मांडली. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू आला की वरचं बीपी, आवाज थांबला की खालचं. सरावलेल्या हातात पद्धत उत्तम आहे. पण हवा सेकंदाला दोन-तीन अंकांच्याच वेगानं सोडायची, त्याच वेळी ऐकायचं आणि काटाही वाचायचा, हे स्वतःच्याच दंडावर करणं म्हणजे कसरत. शिवाय मशीन पडलं-आपटलं की काटा चुकायला लागतो, म्हणून ते अधूनमधून तपासून घ्यावं लागतं. घरात कुणी नर्स किंवा डॉक्टर असेल तर घ्या, नाहीतर नको. पाऱ्याचं तर नवीन शोधूच नका. पाऱ्याचा वापर बंद करण्यासाठीच्या मिनामाता कराराला भारतानं २०१८ मध्ये मंजुरी दिली आहे.

डिजिटल मशीन आवाज ऐकत नाही. पट्ट्यातली हवा कमी-जास्त होताना नाडीमुळे तिच्यात जे बारीक हेलकावे येतात ते पकडून, कंपनीच्या गणितानं वरचा-खालचा आकडा काढते. म्हणून मॉडेल तपासलेलं असणं महत्त्वाचं. स्ट्राइड बीपी (STRIDE BP) या बीपीच्या मशीनांची पारख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर माणसांवरच्या चाचणीत खऱ्या उतरलेल्या मॉडेलांची यादी आहे. खोक्यावरचा मॉडेल नंबर तिथे टाकून बघा, "क्लिनिकली टेस्टेड" असं नुसतं छापलेलं असण्याला अर्थ नाही. ठोके अनियमित पडत असतील तर मात्र हे गणितही गडबडतं. अशा वेळी लागोपाठ तीन वेळा मोजा आणि डॉक्टरांना तसं सांगा.

आता पट्टा. पैसे खर्च करायचे ते इथे. पट्टा लहान पडला तर आकडा जास्त येतो, आणि जाड दंडाच्या माणसाला विनाकारण जास्त गोळ्या सुरू होऊ शकतात. बऱ्याच मशीनसोबत २२ ते ३२ सेंटिमीटर घेराचा पट्टा मिळतो. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध टेप लावून घेर ३२ च्या वर भरला तर २२ ते ४२ चा मोठा पट्टा मागून घ्या. तो त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलला चालणारा हवा. ब्लूटूथ, बोलणारा आवाज, रंगीत स्क्रीन यांत मला फारसा रस नाही. दोन माणसांची वेगवेगळी मेमरी मात्र जरूर असावी. आई आणि बाबा दोघांचे आकडे एकात मिसळले की डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही.

स्मार्ट घड्याळ? बहुतेकांत पट्टा फुगतच नाही, नाडीवरून अंदाज बांधला जातो, आणि त्याआधी ते दंडाच्या मशीनशी जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे मशीन लागतंच.

कोपऱ्यावरच्या मेडिकलवर मोजून घेणं स्वस्त खरं, पण राजवाड्याच्या गर्दीतून स्कूटर हाकत येऊन, काउंटरपाशी उभं राहून, भय्याशी गप्पा मारत काढलेला आकडा कशाचा? दवाखान्यातही डॉक्टर समोर दिसले की काहींचं बीपी चढतं. म्हणूनच दवाखान्यात १४०/९० ही सीमा धरतात, तर घरच्या सरासरीसाठी १३५/८५.

मोजायची पद्धत चुकली तर चांगलं मशीनही वाया. आधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. रविवारचे पोहे-जलेबी मोजून झाल्यावर खा. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर, पट्टा उघड्या दंडावर. इंदूरच्या थंडीत स्वेटरची बाही वर गुंडाळतात, ती दंडाला आवळून बसते, त्यापेक्षा स्वेटर काढलेला बरा. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल तोच पुढे कायम ठेवा. सात दिवस सकाळी गोळी घेण्याआधी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी डॉक्टरांना दाखवा. मशीनही एकदा सोबत न्या, त्यांच्या मशीनशी ताडून बघता येईल.

एखादा आकडा १८०/१२० च्या वर गेला तर पाच मिनिटं शांत बसून पुन्हा मोजा. तरीही तितकाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. सोबत छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.