ठोसा वळवण्याच्या सरावासाठी ७ औंसांचे उघड्या तळव्याचे ग्लोव्ह

जोडीदाराने सरळ ठोसा मारायचा आणि आपण तो तळव्याने बाजूला सारायचा, हा सराव बॉक्सिंगमध्ये पॅरी, तर विंग चुन या चिनी युद्धकलेत पाक साओ या नावाने केला जातो. त्यासाठी मी बऱ्याच काळापासून तळवा आणि बोटांची टोके उघडी ठेवणारे ७ औंस वजनाचे ग्लोव्ह वापरत आहे. या एका कामापुरते तरी मला ते बॉक्सिंगच्या १६ औंसांच्या ग्लोव्हपेक्षा निश्चितच सरस वाटतात.

१६ औंसांचा ग्लोव्ह सुरक्षित असतो यात शंका नाही. परंतु ठोसा नीट वळला नाही तरी तो त्या जाड गादीवर अडतो, आणि आपला हात उशिरा निघाला होता हे लक्षातच येत नाही. उघड्या तळव्याला मात्र जोडीदाराच्या मनगटाचा स्पर्श नेमका कधी आणि कोठे झाला हे तत्काळ कळते. समोरच्याचा डावा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) उजव्या तळव्याने आतल्या बाजूला सारताना तो हनुवटीला चुकेल इतकाच, म्हणजे चार बोटांच्या आसपास, वळवायचा असतो. हात चेहऱ्यापलीकडे गेला, तर आपला उजवा गाल उघडा पडतो आणि जोडीदाराच्या त्याच डाव्या हाताचा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) तेथे सहज पोहोचतो.

४ औंसांचे पातळ ग्लोव्ह याहून चांगले ठरतील असे कोणी म्हणेल, पण माझे मत वेगळे आहे. त्यांत मारणाऱ्याला समोरच्याची काळजी वाटते आणि तो नकळत ठोसा कानाशेजारून काढू लागतो. मुळातच चुकणारा ठोसा वळवून काहीही शिकता येत नाही. उलट, ठोशाचा पाठलाग करत हात बाहेर नेण्याची वाईट सवय जडते. ७ औंसांच्या ग्लोव्हमध्ये बोटांच्या सांध्यांवर पुरेशी गादी असल्याने जोडीदार संथ गतीने का होईना, पण थेट हनुवटीच्या रोखाने मारू शकतो, आणि माझ्या दृष्टीने हाच त्यांचा सर्वांत मोठा गुण आहे. दातांचे रक्षण करणारे गम शील्ड अर्थातच लावलेले असावे.

दोषही आहेत. उघडी बोटे फाकलेली राहिली तर ठोशाने मुरगळू शकतात, म्हणून बोटे जुळवून अंगठा तळव्यालगत ठेवणे नवशिक्यांना सुरुवातीपासून शिकवावे लागते. मनगटावरील वेल्क्रोची पट्टी किंचित जरी सुटी राहिली, तरी तिची खरखरीत कड जोडीदाराच्या हातावर ओरखडे काढते. लांब बाह्यांचा सदरा घातल्यास हा त्रास बराच कमी होतो. पूर्ण जोराच्या स्पारिंगसाठी, म्हणजे सरावाच्या लढतीसाठी, हे ग्लोव्ह मी वापरणार नाही. तेथे १६ औंसांचेच हवेत.