होमस्कूलिंगच्या खर्चासाठी ५२९ खातं: काही महिने वापरल्यानंतर

थोरलीला आम्ही घरीच शिकवतो. गेल्या वर्षीपासून तिचा काही खर्च ५२९ खात्यातून, म्हणजे अमेरिकेतल्या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातून, करतोय. ओळखीतले बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

पीपीएफची सवय असलेल्यांनी आधी एक समजून घ्यावं. इथे पैसे भरताना केंद्रीय आयकरात वजावट मिळत नाही. पैशांवर झालेली वाढ शिक्षणासाठी काढली तर ती करमुक्त, फायदा एवढाच. काही राज्यं स्वतःच्या आयकरात वजावट देतात. आम्ही टेक्सासात, इथे राज्याचा आयकरच नाही, मग वजावट कसली? पण त्यामुळेच कुठल्याही राज्याचा ५२९ प्लॅन घ्यायला मोकळीक होती. आम्ही कमी खर्चाचे इंडेक्स फंड बघून दुसऱ्या राज्याचा घेतला.

पूर्वी बारावीपर्यंतच्या खर्चापैकी फक्त शाळेची ट्यूशन फी यात बसायची, तीही वर्षाला १०,००० डॉलरपर्यंत. ४ जुलै २०२५ च्या कायद्याने अभ्यासक्रम, पुस्तकं, ऑनलाइन साहित्य, एपी (शाळेत असतानाच देता येणाऱ्या कॉलेज पातळीच्या परीक्षा) आणि कॉलेज प्रवेशाच्या परीक्षांची फी, शिकवणी, असं बरंच काही आलं. २०२६ पासून मर्यादाही २०,००० झाली. मात्र कायदा बोलतो तो सार्वजनिक, खाजगी किंवा धार्मिक शाळेत शिकणाऱ्या मुलांबद्दल. होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख नाही. टेक्सासात १९९४ च्या लीपर खटल्यापासून घरची शाळा खाजगी शाळेतच धरतात, म्हणून आम्ही निर्धास्त आहोत. तुमच्या राज्यात तसं नसेल तर सीपीएला (तिथल्या सीएला) विचारल्याशिवाय पैसे काढू नका. कॅलिफोर्नियाचं तर आणखी वेगळं: शाळेच्या खर्चासाठी काढलेल्या पैशांवरच्या वाढीवर ते राज्य कर लावतं, वर अडीच टक्के दंड.

पैसे काढणं सोपं आहे, दोन-चार दिवसांत बँकेत येतात. कोणी पावती मागत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. खर्च नियमात बसतो की नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी आपली. जानेवारीत खात्यातून काढलेल्या पैशांचा १०९९-क्यू हा कराचा फॉर्म येतो. त्यात रक्कम असते, कारण नसतं. प्लॅनच्या हेल्पलाइनवर होमस्कूलिंगबद्दल विचारलं तर एकाने चालतं म्हटलं, दुसरीने नाही. खर्च आणि पैसे काढणं एकाच कॅलेंडर वर्षात बसवावं लागतं, म्हणून मी डिसेंबरात पुढच्या सत्राची पुस्तकं मागवताना दोनदा विचार करते. नियमाबाहेर काढले तर वाढीवर आयकर आणि १० टक्के दंड.

शिकवणीच्या अटी नीट वाचा. ती घराबाहेर हवी, शिकवणारा नात्यातला नको, आणि त्याच्याकडे शिक्षकाचा परवाना, पात्र शिक्षणसंस्थेत शिकवण्याचा अनुभव किंवा विषयाचं खरं प्रभुत्व यांपैकी काहीतरी हवं. आत्या कितीही छान गणित शिकवत असली तरी तिला यातून पैसे देता येत नाहीत. (ती घेणारही नाही, तो भाग वेगळा.) लॅपटॉपही शाळकरी मुलांसाठी बसत नाही, कॉलेजसाठी बसतो. कव्हरडेल या शिक्षणाच्याच दुसऱ्या एका बचत खात्यात तो शाळेसाठीही चालतो, पण तिथे वर्षाला फक्त २,००० डॉलर भरता येतात, आणि नवरा-बायकोचं एकत्र उत्पन्न २,२०,००० च्या वर गेलं की तेही नाही. दोघं आयटीत असाल तर हा रस्ता बहुधा बंदच.

आता हिशोब. ३,००० डॉलर भरले आणि आठ महिन्यांनी काढले, चार टक्के वाढ धरली, तर ८० डॉलर सुटले. २२ टक्क्यांच्या टप्प्यात वाचलेला कर साधारण १८ डॉलर. एवढ्यासाठी पावत्यांची फाइल सांभाळायची? याउलट मूल जन्मल्यापासून महिन्याला २०० भरत राहिलं आणि सहा टक्के मिळाले, तर अठरा वर्षांनी सुमारे ७७,००० होतात. त्यातले ४३,२०० आपले, उरलेली सगळी वाढ. म्हणून चालू वर्षाची पुस्तकं आता पगारातूनच घेतो. खात्यातून फक्त एपीची फी आणि मोठा ऑनलाइन कोर्स. धाकट्याच्या खात्याला हातच लावलेला नाही.

भारतात परतायचा बेत असेल तर आणखी एक. तिथले रहिवासी झालात की अमेरिकेतल्या उत्पन्नावरही भारतात कर लागू शकतो, आणि ५२९ साठी भारतीय कायद्यात खास सूट नाही. ही सवलत अमेरिकेपुरतीच धरा.