नारुकोची कोकेशी घ्यावी की नव्या धाटणीची?

जपानला निघालेल्या भाचीचा प्रश्न: कोकेशी नेमकी कुठली घेऊ? हातपाय नसलेल्या या लाकडी बाहुल्या पारंपरिक (नारुकोची त्यातलीच) आणि नव्या, दोन्ही प्रकारांत लेथवरच, म्हणजे लाकूड फिरवून कातायच्या यंत्रावरच, घडतात.

घडण: पारंपरिक कोकेशी ईशान्य जपानच्या तोहोकू भागातली. तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावांत प्रत्येक परंपरेचा आकार आणि नक्षी ठरलेली. मियागी प्रांतातल्या नारुको गावच्या बाहुलीची मान फिरवली की ‘कुईकुई’ वाजते, अंगावर बहुधा शेवंती असते. लाकूड कातणारा कारागीरच सहसा चेहरा रंगवतो, तळाशी सही करतो. दुसऱ्या महायुद्धानंतर रुजलेल्या नव्या कोकेशीत मात्र कलाकाराला पूर्ण मोकळीक. जपानचा गुन्मा प्रांत हे तिचं मोठं केंद्र.

किंमत: आकारावर आणि सहीवर ठरते. ‘पारंपरिक म्हणजे महाग’ असं काही नाही.

टिकाऊपणा: उन्हात रंग उडतो. पारंपरिक रंग पाण्याने ओघळू शकतो, म्हणून ओलं फडकं नकोच, कोरड्याने पुसावं.

गावाची ओळख आणि पुढे संग्रह हवा असेल तर नारुको. दिवाणखान्यात शोभेला एकच ठेवायची असेल तर नवी. मला विचाराल तर वाजणारीच!