काळ्या प्लास्टिकला ड्रेसिंग की सिरॅमिक?

गाडीच्या बंपरच्या कडा, वायपरखालची जाळी, चाकांवरचं क्लॅडिंग (कडेची प्लास्टिकची पट्टी) हे बिनरंगाचं प्लास्टिक बहुधा पॉलिप्रॉपिलीनचं असतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पांढुरकं पडतं.

ड्रेसिंग म्हणजे प्लास्टिक पुन्हा काळं दिसावं म्हणून वरून चोळायचं द्रव, झटपट काम. स्पंजवर घ्या, चोळा, पाच मिनिटांत काळंभोर. पण तीन-चार धुण्यांत उतरतं, आणि तेलकट असलं तर धूळ ओढून घेतं. पावसात त्याचे ओघळ दारावर येतात ते वेगळंच.

सिरॅमिक कोटिंगही लावायचं द्रवच, पण सुकल्यावर त्याचा सिलिकायुक्त थर प्लास्टिकला धरून बसतो, नीट लावला तर वर्षभर तरी टिकतो. खरी मेहनत आधीची. खाचांत ब्रश घालून जुनं ड्रेसिंग काढायचं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. तेलाचा अंश राहिला तर थर धरतच नाही. सावलीत एकेक भाग घ्या, जास्तीचं लगेच टिपा. सुकलेला डाग घासूनच निघतो. पुढचे 24 तास पाणी लागू देऊ नका. (ओरखडे मात्र यानेही थांबत नाहीत, दुकानदार काहीही सांगो.)

गाडी नवी असेल तर सिरॅमिकच. पुढच्या महिन्यात विकायची असेल तर ड्रेसिंगची बाटली पुरे.