एकाच सिमसाठी तीनदा अंगठा

तासगाव तालुक्यातला एक बेदाणा उत्पादक ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर बँकेत गेला. छाटणी, पेस्ट, औषधं, मजुरी असं सगळं त्या महिन्यात एकदम अंगावर येतं, म्हणून त्याला कर्ज वाढवून हवं होतं. साहेबांनी कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, "तुमच्या नावावर ५५ हजारांचं ॲपवरचं कर्ज आहे, सात हप्ते थकलेत. आधी ते मिटवा." या माणसाच्या फोनमध्ये कर्जाचं एकही ॲप नव्हतं. असं ॲप त्याने कधी उघडलंही नव्हतं.

हे प्रकरण सविस्तर सांगतोय, कारण यात कुणी फोन करून धमकावलं नाही, लिंक पाठवली नाही, खात्यातला एक रुपयाही गेला नाही. गेलं ते नाव. पैसे गेले की माणसाला तासाभरात कळतं. नाव गेलं की कळायला वर्ष जातं, आणि तोवर पुरावा पुसला गेलेला असतो.

सुरुवात जानेवारीत झाली होती. बाजारच्या दिवशी स्टँडजवळ छत्री लावून बसलेल्या पोराकडे त्याने मोबाईल नंबर दुसऱ्या कंपनीत पोर्ट केला. पोराने आधार घेतलं, पॅनचा फोटो काढला आणि मशीनवर अंगठा ठेवायला सांगितला. मग म्हणाला, "आण्णा, ठसा नीट बसला नाही. बोट पुसा, परत ठेवा." थोड्या वेळाने पुन्हा तेच. द्राक्षबागेत राबणाऱ्या माणसाच्या बोटाच्या रेघा झिजलेल्याच असतात, रेशन दुकानातही दोन-तीनदा अंगठा लावावा लागतो, त्यामुळे कुणाला संशय येण्याचं कारणच नाही. शेवटी पोराने "सेटिंग करून देतो" म्हणत फोन हातात घेतला, आलेला एक ओटीपी पाहिला, काम संपलं.

पहिल्या अंगठ्याने नंबर पोर्ट झाला, दुसऱ्याने त्याच्याच नावावर आणखी एक नवं सिम सुरू झालं. तिसऱ्याने बँकेचं खातं उघडलं गेलं, कारण सिम विकणारे बरेच जण खाती उघडून देण्याचंही काम करतात आणि मशीन तेच असतं. या खात्याला संपर्क नंबर दिला तो नव्या सिमचा. ओटीपी होता कर्जाच्या केवायसीचा, म्हणजे कर्ज देणाऱ्याकडे ओळख पटवण्याचा.

यातला क्रम लक्षात घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे डिजिटल कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा करावी लागते. म्हणून चोराला आधी तुमच्या नावाचं खातं लागतं, आणि खात्याचे मेसेज तुमच्यापर्यंत येऊ नयेत म्हणून तुमच्या नावाचं पण त्याच्या हातातलं सिम लागतं. रक्कम ५५ हजारच का, हेही नियमातच आहे. समोरासमोर न भेटता फक्त आधार ओटीपीवर केवायसी झाली असेल, तर वर्षाला एकूण ६० हजारांपर्यंतच कर्ज देता येतं. चोर त्या रेषेच्या आत राहतो.

अंगठ्याबद्दल एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी : एक ठसा म्हणजे एक काम. मशीनवर ठेवलेला ठसा जागच्या जागी कुलूपबंद होऊन आधारच्या यंत्रणेकडे जातो आणि उत्तर येतं, जुळला किंवा नाही जुळला. जुळल्यावर त्याच कामासाठी सहसा पुन्हा अंगठा लागत नाही. "परत ठेवा" म्हटलं की हात मागे घ्या आणि म्हणा, "स्क्रीन दाखव." खरंच जुळला नसेल तर स्क्रीनवर तसा मेसेज असतो. तो दिसला तरच पुन्हा ठेवायचा. पोर्टिंगसाठी १९०० वर मेसेज केल्यावर आठ अक्षरी कोड येतो, तो द्यावाच लागतो. पण आधारचा ओटीपी सहा आकडी असतो आणि मेसेजमध्ये आधारचं नाव स्पष्ट लिहिलेलं असतं. पोर्टिंगच्या टेबलावर तो आला तर कशासाठी आला हे विचारल्याशिवाय सांगू नका, आणि फोन तर कुणाच्या हातात देऊच नका.

आता शोध कसा लागला ते. बँकेतल्या साहेबांनी कागद दिला नाही, तोंडी सांगितलं. म्हणून पहिलं काम स्वतःचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, काढण्याचं. भारतात पतमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हायमार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. तो त्यांच्याच वेबसाईटवरून काढा. स्कोअर फुकट दाखवणाऱ्या भलत्या ॲपवरून काढलात तर पॅन आणि नंबर पुन्हा चार ठिकाणी जातो आणि कर्जाचे फोन सुरू होतात.

रिपोर्ट हातात आला की लोक फक्त स्कोअर बघतात. तो सगळ्यात कमी कामाचा. या प्रकरणात खरी माहिती दोन जागी सापडली. एक, संपर्काच्या रकान्यात : तिथे घरच्यांपैकी कुणाच्याच ओळखीचा नसलेला एक मोबाईल नंबर होता. वसुलीचे सगळे फोन त्या नंबरवर जात होते, म्हणून गावात कुणी आलं नाही. दोन, चौकशांच्या रकान्यात : एकाच आठवड्यात पाच कंपन्यांनी त्याची माहिती मागवली होती. चार ठिकाणी नकार, एका ठिकाणी कर्ज. कर्ज मंजूर झाल्याची तारीख आणि नंबर पोर्टला दिल्याची तारीख एकच निघाली. कर्जाचे तीन-चार मेसेज त्याच्या स्वतःच्या फोनवरही आलेले होते, इंग्रजीत, जाहिरातींच्या गर्दीत, न उघडलेले.

मग संचार साथी. दूरसंचार विभागाची ही सेवा मे २०२३ पासून आहे, वेबसाईटही आहे आणि ॲपही. आपला नंबर टाकायचा, ओटीपी द्यायचा, की आपल्या नावावर चालू असलेल्या सगळ्या सिमची यादी येते. आपल्याकडे एका माणसाच्या नावावर नऊपर्यंत सिम असू शकतात, म्हणून एक जास्तीचं सिम कुणाच्या डोळ्यात येत नाही. यादीतले नंबर अर्धवट झाकलेले असतात, पण पुढचे-मागचे आकडे रिपोर्टमधल्या अनोळखी नंबराशी जुळले. त्यासमोर 'हा माझा नंबर नाही' हा पर्याय निवडला की तक्रार क्रमांक मिळतो. तो जपून ठेवायचा. 'मला नको आहे' हा पर्याय निवडू नका. तो निवडला म्हणजे सिम तुमचंच होतं असा अर्थ निघतो.

जिथे हात रिकामा राहिला ती जागा आधारच्या नोंदींची. मायआधार वेबसाईटवर 'ऑथेंटिकेशन हिस्टरी' असते : कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या संस्थेने, ठशाने की ओटीपीने आधार तपासलं. तीन अंगठे, तीन वेळा, तीन संस्थांची नावं असा पुरावा तिथे सरळ दिसला असता. पण ती यादी फक्त मागच्या सहा महिन्यांची आणि जास्तीत जास्त ५० नोंदींची असते. जानेवारीतली गोष्ट ऑक्टोबरमध्ये बघायला गेलो तर पान कोरं. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी ही यादी पाहणं, आणि कुठे अंगठा दिला असेल तर त्याच आठवड्यात पाहणं, याला पर्याय नाही. आधारला ईमेल जोडलेला असेल तर प्रत्येक वापराची सूचना ईमेलवर येते. घरातल्या शिकणाऱ्या पोराचा नाही, ज्याचं आधार त्याचाच ईमेल जोडा.

पुढचा भाग कागदांचा, आणि लोक इथेच चुकतात. वसुलीवाला फोनवर म्हणतो, "काका, आठ हजार भरा, सेटलमेंट करून टाकू, विषय संपला." वैतागलेला माणूस भरतो. एक रुपयाही भरू नका. भरलात की कर्ज तुमचंच होतं हे तुम्ही मान्य केलंत, आणि रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा बसतो, जो बघून पुढची बँक कर्ज नाकारते. वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायची परवानगी नाही, हेही त्याला सांगा.

भरायचं नाही, मागायचं. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र : हे कर्ज मी घेतलेलं नाही, मला अर्ज, केवायसीची कागदपत्रं, सेल्फी किंवा व्हिडिओ, ओटीपीची नोंद, कोणत्या नंबरवरून अर्ज झाला आणि पैसे कोणत्या खात्यात, कोणत्या व्यवहार क्रमांकाने गेले, ते द्या. शेवटची मागणी सगळ्यात वजनाची. पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुणी उघडलं आणि त्यातून पुढे कुठे गेले, याच धाग्याने पोलीस माणसापर्यंत पोचतात. या प्रकरणात अर्जासोबतचा सेल्फी छत्रीखाली काढलेला होता, मागे बाजारातली गर्दी. कर्जासाठी फोटो काढून घेतोय हे पोराने त्याला सांगितलंच नव्हतं.

सोबत पोलीस तक्रार. पैसे नुकतेच गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाईनवर ताबडतोब फोन, कारण पुढच्या खात्यात अडकलेली रक्कम तेव्हाच गोठवता येते. इथे पैसे महिन्यांपूर्वी गेलेले, तेव्हा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची प्रत घेऊन जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जायचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ सी दुसऱ्याची ओळख वापरण्याबद्दल आहे आणि ६६ डी तोतयेगिरीबद्दल. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. "आमच्या हद्दीत येत नाही" असं कुठे ऐकायला मिळालं तर लक्षात ठेवा, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो.

मग चारही पतमाहिती कंपन्यांकडे 'हे खातं माझं नाही' असा आक्षेप. एकीकडे दुरुस्ती झाली म्हणजे सगळीकडे झाली असं धरून चालू नका. या कंपन्या स्वतःहून काही पुसत नाहीत, त्या कर्ज देणाऱ्याला विचारतात. म्हणून आधी त्याच्याकडे पत्र गेलेलं असणं महत्त्वाचं. कर्ज देणाऱ्याने २१ दिवसांत उत्तर द्यायचं आणि सगळं ३० दिवसांत मिटायला हवं. न मिटल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, हा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा फेटाळलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तक्रार ऑनलाईन, फुकट, वकिलाशिवाय. माहितीसाठी १४४४८.

या शेतकऱ्याची नोंद शेवटी निघाली. पण छाटणी कुणासाठी थांबत नाही. त्या हंगामात त्याने व्यापाऱ्याकडून उचल घेतली आणि बेदाणा व्यापारी म्हणेल त्या दराने त्यालाच घातला. ५५ हजार त्याने भरले नाहीत, तरी त्या नावाच्या चोरीने त्याला पैशातच मारलं. हे कुठल्याही रिपोर्टमध्ये दिसत नाही.

हे होऊ नये म्हणून आधारच्या ॲपमधून ठसे लॉक करा. लॉक असताना कुठेही अंगठा चालत नाही, मशीन ३३० हा एरर दाखवतं. रेशनच्या दिवशी दुकानात उभं राहून तात्पुरतं उघडायचं, ते थोड्या मिनिटांनी आपोआप पुन्हा बंद होतं. अंगठ्यावर पैसे काढून देणाऱ्या केंद्रातून, ओटीपी न लागता खातं रिकामं होण्याचे प्रकारही याच एका कुलपाने थांबतात.

झेरॉक्स देताना आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत चालत असेल तिथे तीच द्या, आणि प्रत्येक प्रतीवर फोटोच्या कडेवरून आरपार तिरकं लिहा : तारीख, कुणासाठी, कशासाठी. कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं. दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर आधारची फाईल पाठवून प्रिंट काढण्याची सवय सांगली, मिरजेत, साताऱ्यात सगळीकडे झाली आहे. त्या फाईली महिनोन्‌महिने दुकानाच्या कॉम्प्युटरवर पडून असतात. ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो असतो. प्रिंट झाली की समोर उभं राहून डाउनलोड्समधून आणि रिसायकल बिनमधून फाईल काढायला लावा.

पॅन कुठे दिला असेल तर जीएसटीच्या वेबसाईटवर 'सर्च बाय पॅन' करून पहा. लॉगिन लागत नाही. हमालाच्या, मजुराच्या नावावर फर्म काढून लाखोंची बिलं फाडली जातात आणि नोटीस त्या मजुराच्या घरी येते.

आणि खातं फसवणुकीचं म्हणून बंद केल्याचं, येणे शून्य असल्याचं पत्र कंपनीच्या लेटरहेडवर घेतल्याशिवाय प्रकरण सोडू नका. थकलेली कर्जं कंपन्या पुढे दुसऱ्यांना विकतात. दोन वर्षांनी वेगळ्याच नावाच्या कंपनीचा फोन येतो, त्यांच्याकडे जुनी यादी असते आणि तुमच्या बाजूने बोलायला फक्त तो कागद असतो.