हिरव्या दिव्याची डबी

मी जळगावात एका पतसंस्थेत हिशेब सांभाळते. दिवसभर आकडे जुळवायचे हेच काम. त्यामुळे हे लिहिताना लाजच वाटते आहे. पण ऊन तापलं की वीज वाचवायच्या डब्या विकणारी माणसं पुन्हा दारोदार हिंडायला लागतात, म्हणून लिहिते.

गेल्या वर्षी मेअखेरीची गोष्ट. रविवार, दुपारचे चार. दारात आकाशी शर्टातला मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात तारेतला करंट मोजणारा, चिमट्यासारखं तोंड असलेला क्लॅम्प मीटर. “ताई, लाईट बिल जास्त येतंय ना? जरा बिल दाखवा.” तो वीज बोर्डाकडून आलाय असं तो एकदाही म्हणाला नाही. ते मीच धरून चालले आणि बिल त्याच्या हातात दिलं. मे महिन्याचे ३१२ युनिट. त्यानं आकड्यावर बोट ठेवलं आणि नुसतं “अरे बापरे” म्हणाला. पुढचं काम माझ्या मनानंच केलं.

मग त्यानं पिशवीतून स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड काढला. त्याच्या वायरी मध्ये सोलून वेगळ्या केलेल्या होत्या. आमचा कूलर त्यावर लावला आणि एका वायरीला चिमटा अडकवला. मीटरवर १.३ अँपिअर. मग साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी त्याच बोर्डात खोचली. डबीवर दोन हिरवे दिवे लागले आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा ०.९ वर आला. “बघा ताई, तीस टक्के वाचले.” मी मनातल्या मनात भागाकार केला. तीस टक्के बरोबर होते. हिशेब चुकत नव्हता हो, तीच तर गंमत!

सासूबाई म्हणाल्या, “असं असतं तर सगळ्यांनीच लावली असती.” पण मला रावेरकडचा भावाचा केळीचा मळा आठवला. तिथे विहिरीवरच्या मोटारीला तारेवरचा भार हलका करणारा कपॅसिटर असतोच, लावा म्हणून सांगतातही. मी मुलाला विचारलं, “आत कपॅसिटर आहे का?” तो खुलला. “ताई, तुम्हाला तर सगळंच माहितीये.” एक डबी १,८०० ला, दोन घेतल्या तर ३,२००. एक खाली, एक माडीवर. पावती मिळाली, पाच वर्षांची गॅरंटी, शिक्का, फोन नंबर. जीएसटी नंबर नव्हता, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. रोज दुसऱ्यांच्या पावत्या याच कारणासाठी परत पाठवते मी.

आता खरी फसवणूक सांगते, ती त्या मुलानं केलेली नाही. जुलैचं बिल आलं १४८ युनिटचं. निम्म्याहून कमी! मी ते बिल ऑफिसात नेलं. नणंदेला फोन केला. भिशीतल्या बायकांना सांगितलं. त्या मुलाचा नंबर माझ्याकडून पाच जणींनी घेतला आणि पाचही जणींनी डब्या घेतल्या. एक रुपया कमिशन न घेता मी त्याचं दुकान चालवलं.

यंदा मेचं बिल आलं ३१८ युनिट. दोन्ही डब्या लावलेल्या, चारही हिरवे दिवे लखलखीत. फोन केला तर नंबर बंद.

त्याच आठवड्यात कूलरच्या पंपासाठी आमच्या गल्लीतले वायरमन काका आले. डबी बघून हसले. स्क्रू काढून उघडली. आत काडेपेटीएवढा काळा कपॅसिटर, एवढीशी पट्टी, दोन दिवे. बस. मी म्हटलं, “पण मीटरवर आकडा उतरला होता, मी पाहिलाय.”

“उतरणारच, वहिनी. तुम्ही शेजारणीकडून वाटीभर साखर आणली आणि लगेच परत दिली, तर ती किराण्याच्या बिलात लागते का?”

“नाही.”

“मोटर तेच करते. चुंबकासाठी थोडी वीज उसनी घेते, लगेच परत देते, सेकंदाला शंभर वेळा. त्या ये-जा करण्यानं तारेतले अँपिअर वाढतात. डबी लावली की उसनवारी घरातल्या घरात होते, तारेतला अँपिअर उतरतो. पण घरगुती बिलात उसन्याचे पैसे नसतातच. फक्त खाल्लेल्याचे असतात.”

आणि मळ्यातलं? तिथे एका डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, कितीतरी मोटारी असतात. सगळ्यांची उसनवारी एकाच तारेतून झाली की व्होल्टेज पडतं, मोटारी जळतात. म्हणून तिथे कपॅसिटर हवा. कारखान्यांना तर या उसनवारीचाही भुर्दंड बसतो, त्यांनाही हवा. माझी माहिती खोटी नव्हती, पण घराला लागू नव्हती.

काका गेल्यावर मी मीटरपाशी स्टूल घेऊन बसले. आमच्या मीटरवर ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं लिहिलंय. म्हणजे लाल दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद, फ्रीजसुद्धा, फक्त एक कूलर चालू. मोबाईलवर तीन मिनिटं लावली. डबीशिवाय ३२ वेळा. डबी लावून ३२ वेळा. पुन्हा डबी लावून मोजलं, ३३. हे करायला पाच पैसे लागत नाहीत, आणि तो मुलगा समोर असतानाच करता आलं असतं.

मग जुलैमधे बिल उतरलं कसं? फाईल काढली. डबी नव्हती त्या वर्षीचा जुलै, १५१ युनिट. डबी असलेला जुलै, १४८. आणि मेमधे आमचे दोन कूलर चालतात, २०० वॅटचे, दिवसाला चौदा-चौदा तास. एका कूलरचे दिवसाला २.८ युनिट, दोघांचे महिन्याला १६८. मे आणि जुलै यांतला फरक १६४. जून संपता संपता पाऊस आला, कूलर झाकून ठेवले, आणि श्रेय डबीनं घेतलं. हे लोक मेमधे का येतात ते तेव्हा कळलं.

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेलाच असतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून बघायचं, एवढंच. मी जुलै मेशी ताडला.

आता माडीवरचा कूलर रात्री अकरानंतर बंद करतो आणि तिकडचे सगळे खाली झोपतो. ३०० च्या वरचे महाग युनिट त्यानंच टळतील असा माझा हिशेब आहे. १०० च्या पुढच्या युनिटांचा दर बराच जास्त असतो, हे तरी किती जणांनी बिलाच्या मागे वाचलंय? हिवाळ्यात गिझरकडे बघणार आहे. दोन हजार वॅटचा, अर्ध्या तासात एक युनिट.

पाच जणींना सांगून झालं. नणंदेचे पैसे मी परत देऊ केले, तिनं घेतले नाहीत, पण तो विषय काढला की गप्प होते. दोघींनी डब्या काढल्या, एक चिडली. ऑफिसातली मैत्रीण मात्र ऐकायलाच तयार नाही. “अगं, माझं बिल खरंच उतरलंय गं पावसाळ्यात.” मी तिला दोन वर्षांपूर्वीच्या जुलैचं बिल आणायला सांगितलंय. तीन आठवडे झाले, अजून सापडलेलं नाही म्हणते.